प्रोटॉन पंपाच्या प्रथिनावर पहिल्यांदा काम करताना

बडोद्यातील आमच्या घरी सकाळच्या चहाआधी पॅन्टोप्राझोलची गोळी घेण्याचा वडिलांचा जुना नेम आहे. ही गोळी जठरात आम्ल सोडणारा प्रोटॉन पंप अडवते. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हाच पंप विषय म्हणून मिळाला, तेव्हा तो मला घरचाच वाटला. ही ओळख किती वरवरची होती हे कळायला तीन आठवडे गेले. नव्याने या प्रथिनावर काम सुरू करणाऱ्यांचे तेवढे दिवस वाचावेत, म्हणून माझी चूक सविस्तर लिहीत आहे.

हा पंप, म्हणजे हायड्रोजन-पोटॅशियम एटीपीएज, दोन उपएककांचा, म्हणजे दोन वेगळ्या प्रथिन-साखळ्यांचा, बनलेला असतो. अल्फा उपएकक सुमारे १,०३५ अमिनो आम्लांचे असून ते पेशीपटलातून दहा वेळा आरपार जाते. पंपाला ऊर्जा देणारा एटीपी हा रेणू तेच फोडते आणि पॅन्टोप्राझोलच्याच गटातले ओमेप्राझोल हे औषधही त्याच्याच ८१३ क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, सिस्टीनला, जोडले जाते. बीटा उपएकक २९१ अमिनो आम्लांचे, पटलातून एकदाच जाणारे. त्याचा बहुतेक भाग पेशीबाहेर असतो आणि त्यावर शर्करेच्या साखळ्या असतात. अल्फाची नीट घडी पडण्यासाठी बीटा हवेच, पण एटीपी फोडणे हे त्याचे काम नव्हे.

आमच्याकडे आलेल्या कुपीवर ‘मानवी प्रोटॉन पंप, पुनर्संयोजित’ (म्हणजे जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेला) एवढे वाचून मी थेट क्रियाशीलता मोजायला बसले. एटीपी फुटल्यावर सुटणारे फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीन या रंगद्रव्याने मोजतात; फॉस्फेट असले की हिरवा रंग येतो. पहिल्याच दिवशी चाचणीच्या प्लेटमधले सगळे खळगे गडद हिरवे झाले आणि मी खुशीत सूरसागरच्या काठाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी एका वरिष्ठ मैत्रिणीने प्रथिन न घालता नुसत्या बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) खळगा लावायला सांगितला, तर तोही तितकाच हिरवा! कुपीतली प्रथिनाची भुकटी फॉस्फेट बफरमधून सुकवलेली होती आणि मी ती त्याच बफरमध्ये विरघळवली होती. डायलिसिस करून (पातळ पडद्यातून फॉस्फेट बाहेर जाऊ देऊन) फॉस्फेट नसलेला ट्रिस बफर वापरला, तेव्हा रंगच येईना. मग पीएच, मॅग्नेशियम, पोटॅशियम बदलून पाहण्यात दोन आठवडे गेले. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “तुझ्या कुपीत कितव्यापासून कितव्यापर्यंतची अमिनो आम्ले आहेत?”

माहितीपत्रकात ते स्पष्ट छापलेले होते. कुपीत बीटाचा फक्त पेशीबाहेरचा तुकडा होता, तोही ई. कोलाय जिवाणूंत बनवलेला आणि शुद्धीकरणासाठी हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे शेपूट लावलेला. अल्फा नाही, पटल नाही. मग पंप चालणार कुठून?

म्हणून कुपी उघडण्याआधी कोणता उपएकक, त्याचा कोणता भाग, कोणत्या पेशींत बनवलेला, शेपूट कोणते आणि बफर कोणता, हे वहीत लिहून काढावे. अमिनो आम्लांच्या संख्येला ११० ने गुणले की डाल्टनमध्ये अंदाजे वजन मिळते. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरची पट्टी त्याच्याशी ताडून पाहावी. जठरातील बीटा शर्करेमुळे ६० ते ८० किलोडाल्टनच्या दरम्यान पसरट दिसते, तर ई. कोलायमध्ये तशा साखळ्या जोडल्या जात नसल्याने आमची पट्टी बरीच खाली आणि रेखीव आली. शर्करा ओळखणारे प्रतिपिंड अशा तुकड्याला चिकटत नाही, हेही त्यामुळेच.

एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचण्यांत तुलनेसाठी असा तुकडा उपयोगी पडतो. क्रियाशीलताच मोजायची असेल, तर डुकराच्या जठरापासून काढलेली सूक्ष्म पटले किंवा दोन्ही उपएकके एकत्र बनवणाऱ्या संवर्धित पेशी लागतात. तिथेही एक खोच आहे: ओमेप्राझोल आम्लात सक्रिय होते, त्यामुळे उदासीन बफरमध्ये ते नुसते टाकून पंप अडत नाही म्हणून चकित होऊ नये.

हाताळणी सोपी आहे, पण चुकली की महागात पडते. कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून भुकटी तळाशी आणावी आणि मगच झाकण उघडावे. विरघळवल्यावर ग्लिसेरॉल घालून छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे. एक ट्यूब एकदाच वितळवावी. आमची कुपी मे महिन्यात आली तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या, पण कोरड्या भुकटीला त्याचा त्रास झाला नाही. तीच कुपी द्रावणरूपात असती, तर मी ती जेलवर तपासल्याशिवाय वापरली नसती.