गिऱ्हाईक हवंय की वाचक?

लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान आहे आणि दिवाळीआधीचा मेल फक्त पैठणी घेणाऱ्यांनाच जायला हवा, तर मेलचिंपसारखी ईमेल मार्केटिंग सेवा बघा. यादीचे गट पाडता येतात, खरेदीनंतर तीन दिवसांनी जाणारा मेल आपोआप लावून ठेवता येतो. पैसे मात्र यादीतल्या नावांवर लागतात, विक्री होवो न होवो. मेलचिंपमध्ये तर ‘नको’ म्हणून बाहेर पडलेली नावंही मोजली जातात. ती अधूनमधून अर्काइव्ह करत चला.

याउलट सदाशिव पेठेत बसून दर रविवारी किल्ल्यांवर लिहायचंय? मग एवढा पसारा कशाला! सबस्टॅक ही न्यूजलेटर लिहून ईमेलने पाठवायची सेवा पुरे. लिहायचं, पाठवायचं, तोच मजकूर वेबवरही राहतो. फुकट अंकाला खर्च शून्य. वर्गणी लावली की 10 टक्के त्यांचे, कार्डाचं शुल्क वेगळं. म्हणजे महिना 200 रुपयांचे 100 वर्गणीदार मिळाले (मिळोत!), तर 20,000 मधले 2,000 तिथेच गेले. खरी मेख पुढेच आहे: वर्गणी येते स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेमार्फत, आणि भारतात स्ट्राइपचं नवं खातं मागेल त्याला मिळत नाही. तेव्हा वर्गणीची हिशेबाची वही उघडण्याआधी खात्याचं बघा.

मेलचिंपवर दुकानाच्या डोमेनवरून मेल पाठवणार असाल, तर डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) आधी करून घ्या, नाहीतर पैठणी स्पॅममध्ये. आणि निवड काहीही असो, यादी महिन्यातून एकदा सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) उतरवून स्वतःजवळ ठेवा.