अडचणीच्या दिवसात देवाला कुठे शोधायचं

ज्या वर्षी कापसावर बोंडअळी पडली त्याच वर्षी आमचे मिस्टर धुळ्याला ॲडमिट झाले, सतरा दिवस. मी रोज रात्री प्रार्थनेला बसायची आणि तोंडातून एक शब्द निघायचा नाही. चर्चच्या मंडळीतले म्हणायचे, धीर धरा, देवाची काहीतरी योजना असेल. असेलही हो, पण वॉर्डाबाहेर फरशीवर बसलेल्या बाईला योजना कळून काय करायचंय, तिला देव सोबत आहे का एवढंच हवं असतं. त्या दिवसात जे हाती लागलं ते लिहिते, कोणाला तरी कामात येईल.

गोड प्रार्थना सुचत नसेल तर सुरुवात गाऱ्हाण्यानेच करा. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत, त्यातल्या पहिल्या दोन वचनात दावीद राजा चार वेळा देवाला विचारतो की हे कुठवर चालणार. मोठ्याने वाचा आणि मध्येच थांबून आपलं घाला, कर्ज, पोराची नोकरी, सासूचं दुखणं, जे असेल ते. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे म्हणजे देवाला असं बोललेलं चालतं. आणि तेही जमत नसेल तर नुसतं बसा, रोमकरांस पत्राच्या 8:26 मध्ये सांगितलंय की आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो.

मग बायबलच्या 1 राजे पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपून जातो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, तुझा विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही, हात लावून म्हणतो ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो, परत तेच. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू येतो तो पुढे, चाळीस दिवस चालून डोंगरावर गेल्यावर.

आमच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको, ओळख ना पाळख, तिने एक दिवस फडक्यातली कळण्याची भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातात दिली, वर मिरचीचा ठेचा, आणि म्हणाली, "माय, पहिले जेवी ले, मंग रड." तेव्हा मला काहीच कळलं नाही, मी फक्त खाल्लं. महिन्याने हा अध्याय वाचताना ते फडकं डोळ्यासमोर आलं आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

तेव्हापासून मी कॅलेंडरच्या तारखेखाली एक शब्द लिहिते, त्या दिवशी जे आपोआप आलं ते. भाकरी. एसटीत जागा. चार तास झोप. काही आलं नाही तर चौकोन रिकामा ठेवा, ओढून ताणून लिहू नका. पंधरा दिवसांनी मागे वळून वाचायचं, त्याच दिवशी सहसा दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, प्रार्थना चालू आहे म्हणून औषध बंद करू नका. प्रेषित पौलाने देवाकडे तीनदा मागितलं तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं, तेव्हा दुखणं राहिलं म्हणजे विश्वास नाही असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. आणि एलीयासारखं जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला किंवा पाळकांना सांगा, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, तिचा 14416 हा नंबर आहे, रात्रीही लागतो.

आपलं जरा निभावलं की दुसऱ्याच्या वॉर्डात जा. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले तेच त्यांचं चांगलं काम, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. म्हणून बोलू नका, डबा न्या. भाकरी तव्यावरून काढल्या काढल्या बांधू नका, वाफ धरून ओली होते, थोडी निवू द्या.