ऑक्सिजनच्या तुटवड्याचा हिशेब संसदेच्या कागदांत कसा शोधावा

एप्रिल 2021 मध्ये ज्यांनी रात्र-रात्र जागून सिलिंडरसाठी फोन लावले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आजही विचारतात, ‘संसदेत यावर कोणी काही बोललं तरी का?’ बोलले होते. प्रश्न विचारले गेले, लेखी उत्तरं मिळाली, समितीचे अहवाल निघाले. हे सगळे कागद संसदेच्या संकेतस्थळावर आहेत, कोणालाही फुकट वाचता येतात. ते शोधायचे कसे आणि त्यातली सरकारी भाषा वाचायची कशी, ते सांगतो.

सुरुवातीलाच विषय बारीक करून घ्या. ‘कोविडमध्ये सरकारने काय केलं’ असा शोध घेतलात तर हजारो पानं अंगावर येतील. एक वस्तू धरा: ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, व्हेंटिलेटर किंवा लस. एक काळ धरा. मग एका कागदावर तीन रकाने पाडा: तारीख, कोण काय म्हणालं, प्रत्यक्षात तेव्हा काय होतं. पुढचं सगळं काम या तीन रकान्यांचं आहे.

आता अधिवेशनाच्या तारखा बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘काहीच सापडत नाही’ म्हणून सोडून देतात. सप्टेंबर 2020 च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. लेखी उत्तरं मिळत होती, पण मंत्र्याला उभं करून पुरवणी प्रश्न विचारायची सोय गेली होती. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालंच नाही. 2021 चं अर्थसंकल्पी अधिवेशन ठरल्यापेक्षा आधी, 25 मार्चला आटोपलं, आणि पुढचं सुरू झालं 19 जुलैला. म्हणजे दुसऱ्या लाटेचे सगळ्यात वाईट दिवस या दोन तारखांच्या मधे येतात. एप्रिल-मेमधलं उत्तर शोधाल तर मिळणार नाही, कारण तेव्हा सभागृहच बसलेलं नव्हतं. जुलैपासून पुढे शोधा. आणि ही रिकामी जागासुद्धा तारखेच्या रकान्यात लिहून ठेवा. जिथे विचारणारंच कोणी नव्हतं, तीही नोंद आहे.

प्रश्न शोधताना सभागृह, मंत्रालय आणि तारीख निवडा. आपल्या कामाचं मंत्रालय आहे आरोग्य व कुटुंबकल्याण, पण औषधांच्या किमती आणि पुरवठा रसायने व खते मंत्रालयाकडे असतो, हे ध्यानात असू द्या. रेमडेसिव्हिरवरची बरीच उत्तरं तिथे सापडतात. प्रश्न दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात, त्यामुळे तुम्हाला हवं ते बहुधा अतारांकितातच दडलेलं असतं. उत्तर हिंदी किंवा इंग्रजीत मिळेल. जोडलेलं परिशिष्ट न चुकता उघडा. राज्यवार आकडे तिथे असतात.

आता खरं काम. उत्तर शब्द न् शब्द वाचायचं.

20 जुलै 2021 चं राज्यसभेतलं एक अतारांकित उत्तर घेऊ. काँग्रेसचे खासदार के. सी. वेणुगोपाल यांनी विचारलं होतं की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र तुटवड्यामुळे मोठ्या संख्येने रुग्ण रस्त्यांवर आणि रुग्णालयांत दगावले, हे खरं आहे का. उत्तर आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं. त्याचे तुकडे करून बघा. पहिला: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. दुसरा: मृत्यू कसे कळवायचे याच्या सविस्तर सूचना केंद्राने राज्यांना दिल्या आहेत. तिसरा: राज्यं त्याप्रमाणे रुग्ण आणि मृत्यू नियमित कळवतात. चौथा: मात्र ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही.

चौथा तुकडा पुन्हा वाचा. ‘मृत्यू झाले नाहीत’ असं तिथे लिहिलेलं नाही. ‘कळवले नाहीत’ असं लिहिलेलं आहे. या दोन वाक्यांच्या मधे किती घरं आहेत, ते ज्यांनी माणसं गमावली त्यांना विचारा. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं कारण लिहितात, टाकी रिकामी झाली होती हे लिहीत नाहीत. म्हणून असं उत्तर दिसलं की लगेच स्वतःला विचारायचं: कळवण्यासाठी रकाना होता का? केंद्राने राज्यांना ही माहिती स्वतःहून मागितली होती का? त्याच उत्तरात पुढे आकडे आहेत: पहिल्या लाटेत ऑक्सिजनची मागणी 3,095 मेट्रिक टनांवर गेली होती, दुसऱ्यात जवळपास 9,000 वर. मागणी तिपटीच्या आसपास वाढल्याचं सरकारच लिहितंय. हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडा.

एका उत्तरावर थांबू नका, त्याच विषयाचं पुढच्या अधिवेशनातलं उत्तरही काढा. जुलैच्या उत्तरावरून गदारोळ झाल्यावर केंद्राने राज्यांना पत्रं लिहून माहिती मागवली. डिसेंबर 2021 मध्ये आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी लोकसभेत सांगितलं की 19 राज्यांनी उत्तर दिलं आणि त्यांपैकी फक्त पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले. प्रश्न नेटाने लावून धरला की उत्तर कसं सरकतं, ते या दोन कागदांत दिसतं.

यानंतर स्थायी समितीकडे, म्हणजे एखाद्या खात्याच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या खासदारांच्या समितीकडे वळा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा ऐवज इथेच आहे आणि सगळ्यात कमी वाचलाही हाच जातो. खात्याशी संबंधित स्थायी समितीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. तिथे कॅमेरे नसतात आणि खात्याच्या सचिवांना समोर बसून उत्तरं द्यावी लागतात. आरोग्य समितीचा 123 वा अहवाल, अध्यक्ष रामगोपाल यादव, 21 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यसभेच्या सभापतींना सादर झाला. रुग्णालयांच्या मागणीइतका ऑक्सिजन तयार व्हावा यासाठी उत्पादनाला चालना द्या आणि सिलिंडरच्या किमतीवर मर्यादा घाला, अशी शिफारस त्यात आहे. दुसऱ्या लाटेच्या काही महिने आधीची ही तारीख आहे. पहिल्या दोन रकान्यांत भरा.

तिसऱ्या रकान्यासाठी हे घ्या: 5 जानेवारी 2021 ला पीएम केअर्समधून, म्हणजे कोविडच्या काळात देणग्यांसाठी उभारलेल्या पंतप्रधानांच्या निधीतून, 162 ऑक्सिजन प्रकल्पांसाठी 201.58 कोटी रुपये जाहीर झाले. 18 एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने स्वतःच सांगितलं की त्यातले 33 बसवून झालेत. सप्टेंबर 2022 मधल्या 137 व्या अहवालात याच समितीने ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू मंत्रालय नाकारतं याबद्दल तीव्र शब्दांत नाराजी नोंदवली आणि राज्यांच्या मदतीने अशा मृत्यूंचं ऑडिट करायला सांगितलं.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण त्यावर काय केलं हे सरकारला कळवावं लागतं आणि त्यावर समिती कृती अहवाल काढते. तो हाती आला की ‘समितीला मान्य न झालेली उत्तरं’ हे प्रकरण आधी उघडा. झटापट तिथेच असते. तसंच उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं वाक्य दिसलं तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि पुरं झालं का यावर लक्ष ठेवायला वेगळी आश्वासन समिती आहे.

पैशांचा माग काढायचा तर कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि त्यांची छाननी करणारी खासदारांची लोकलेखा समिती बघा. एक अडचण आधीच सांगतो: पीएम केअर्सचं ऑडिट कॅग करत नाही, त्यामुळे त्या पैशांचा तपशील या वाटेने मिळणार नाही.

शेवटची पायरी तुमच्या खासदारांची. प्रश्नाची सूचना 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र टाका. ‘पुढच्या साथीसाठी सरकार सज्ज आहे का’ असं लिहू नका, उत्तर ‘होय’ असंच येईल. असं लिहा: ‘साथीच्या काळात बसवलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांपैकी आज किती चालू आहेत, किती बंद आहेत आणि का, याची जिल्हावार आकडेवारी द्यावी. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली?’ पत्राची प्रत जपून ठेवा आणि प्रश्न लागला का ते त्या तारखेच्या यादीत जाऊन बघा. लागला नसेल, तर पुढच्या अधिवेशनाआधी तेच पत्र पुन्हा पाठवा.