धाब्याच्या घरात पोथ्यांचं गाठोडं निघालं तर

खानदेशात जुनं घर पाडायला काढलं किंवा धाब्याची, म्हणजे सपाट छताची, माती बदलायला घेतली की माळ्यावरून, कोनाड्यातून, देवघराच्या मागून काहीतरी निघतंच, आणि ते लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं असलं की घरात लगेच वाद सुरू, कोणी म्हणतं तापीत सोडून या, कोणी म्हणतं फोटो काढून ग्रुपवर टाका, आणि आजी असली तर ती म्हणणार "राहू दे ना भो, देवनी पोथी शे ती". माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी आजीचं ऐका, म्हणजे खरंच राहू द्या. गाठ सोडायची घाई करू नका.

का, तर गाठोड्यात काय आहे याच्याइतकंच ते कुठे होतं, कशात गुंडाळलं होतं, कशाच्या शेजारी होतं हे महत्त्वाचं असतं. नावगाव नसलेली पोथी कोणाची हे बऱ्याचदा तिच्या शेजारच्या पावतीवरून नाहीतर पत्रावरून कळतं, आणि आपण काय करतो, पोथ्या एकीकडे, कागद दुसरीकडे, "हे फालतू हिशोब" म्हणून चोपड्या रद्दीत. असं करू नका. आधी आहे तिथेच मोबाईलने फोटो घ्या, मग उचला, आणि एका वहीत लिहा की कुठल्या खोलीत, कुठल्या पेटीत मिळालं, घरात पूर्वी गावचं कुलकर्णीपण, म्हणजे हिशोब लिहिण्याचं काम, कोणाकडे होतं, कोण कीर्तन करायचं, कोणाची सावकारी होती. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच हे विचारून होतं.

आता उघडायचं कधी. मे महिन्यात आपल्याकडे जळगाव भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा कागद पापडासारखा कडक झालेला असतो, घडी उघडली की तुटलाच. श्रावणात उलट, दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ बरा, सकाळी ऊन चढल्यावर, ओसरीत सावलीला, पंखा बंद करून, खाली स्वच्छ धुतलेली चादर टाकून. फक्त गाठोडं ओलं निघालं असेल तर मुहूर्त बघत बसू नका, उन्हात पण ठेवू नका, सावलीत पंख्याची हवा लांबून लागेल असं ठेवा, आणि पानं सहज सुटत असतील तरच मध्ये कोरे कागद घाला, चिकटलेली ओढू नका. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पांढरे हातमोजे फोटोत छान दिसतात पण त्यात बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं, त्यापेक्षा कोरडे हात चांगले. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असते ना अनेकांना, ती इथे अजिबात नको, आणि कारण फक्त स्वच्छतेचं नाही. जुन्या पोथीत अक्षरांवर पिवळे पट्टे दिसतात, ती हरताळ, म्हणजे लिहिणाऱ्याने चुकलेलं अक्षर झाकायला लावलेला पिवळा रंग, आणि त्यात आर्सेनिक असतं. काम झाल्यावर परत हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

साफसफाई म्हणजे मऊ कोरड्या ब्रशने वरची धाब्याची माती हलकेच झटकणं, बस. ओलं फडकं फिरवू नका, कारण जुनी शाई बहुतेक काजळ आणि डिंकाची, पाणी लागलं की पसरलीच. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, आणि लॅमिनेशन तर नकोच नको! मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, लोक प्रेमापोटी करतात पण लॅमिनेशन म्हणजे कागद गरम प्लास्टिकमध्ये कायमचा चिकटवणं, नंतर तज्ज्ञाला पण तो नीट सोडवता येत नाही. फाटलेलं फाटलेलं राहू द्या, तुकडे पडले असतील तर त्या त्या पानाबरोबर कागदाच्या घडीत ठेवा. दसऱ्याला पोथी पुजायची असेल तर जरूर पुजा, फक्त हळदकुंकू पाटाला नाहीतर वरच्या फडक्याला लावा, पानाला नको, आणि तेलाचा दिवा जरा लांब.

मग फोटो. पोथीचं पान आडवं लांब असतं आणि सुटं असतं, शिवलेलं नसतं, त्यामुळे क्रम बिघडला की संपलं. बहुतेक पोथ्यांत आकडा पानाच्या मागच्या बाजूला समासात असतो, म्हणून पुढची बाजू, मागची बाजू असे दोन्ही फोटो घ्यायचेच, कोरी बाजू असली तरी. आकडे उलटेसुलटे निघाले तरी आधी आहे त्याच क्रमात फोटो काढा, लावालावी नंतर. फ्लॅश बंद. शेजारी शाळेची पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. स्कॅनरचं ॲप वापरलं तर ते काळंपांढरं करून टाकतं आणि लाल शाईचे दंड, पिवळी हरताळ सगळं गायब होतं, त्यापेक्षा साधा कॅमेरा बरा. समास कापू नका, बारीक नोंदी तिथेच असतात.

काळ ओळखायचा असेल तर शेवटच्या पानापासून सुरुवात करा. पोथी संपते तिथे लिहिणारा बहुतेक वेळा शके, संवत्सर, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव टाकतो, कधी कधी पाठ मान मोडून लिहिलंय, जपा रे बाबांनो असंही सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन (पौषानंतरची तिथी असेल तर ७९). आता पडताळा असा घ्यायचा, शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाच्या नावाचा, नंबर. समजा लिहिलंय शके १७४० बहुधान्यनाम संवत्सरे. १७४० अधिक १२ म्हणजे १७५२, ६० ने भागून बाकी १२, आणि प्रभवपासून मोजलं तर बारावा बहुधान्यच येतो. जुळलं! म्हणजे १८१८, खानदेश इंग्रजांकडे गेला ते वर्ष. नाही जुळलं तर एकतर वाचताना आकडा चुकलाय नाहीतर नकलणाऱ्याने चुकवलाय. एक मात्र लक्षात घ्या, कधी कधी नकलणारा समोरच्या जुन्या पोथीतला शक पण तसाच उतरवून ठेवतो, त्यामुळे कागद आणि अक्षर बघितल्याशिवाय छातीठोक बोलू नये.

मोडी कागद असेल तर गणित वेगळं. तिथे शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतलं साल, अरबी शब्दांत लिहिलेला असतो, समान अशर मयातैन व अलफ असं काहीतरी, म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, १२१८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे कारण हे साल जूनमध्ये मृगाला बदलतं, म्हणजे हे १८१७-१८. महसुलाच्या कागदावर फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर त्यात साधारण ५९० मिळवायचे. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, आधी रेघ ओढून मग अक्षरं लटकवतात, त्यामुळे पहिल्यांदा बघून डोकं गरगरतं. शिकता येते मात्र, सरकारचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं.

छापील किंवा अलीकडचे कागद असतील तर आपल्या भागापुरती एक सोपी युक्ती. नुसतं "जिल्हा खानदेश" असेल तर तो साधारण १९०६ च्या आधीचा, कारण तेव्हा जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. "पूर्व खानदेश" असेल तर १९०६ ते साधारण १९६०, पुढे त्याचं जळगाव झालं, पश्चिमचं धुळे झालं. नंदुरबार जिल्हा लिहिलेला दिसला तर तो १९९८ नंतरचाच. स्टॅम्प पेपरवर मुंडकं कोणाचं तेही बघा, व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६. लोक जुनं नाव सवयीने वापरत राहतात ही गोष्ट धरून चालायचं.

ठेवायचं कशात, तर सुती मांजरपाट, पण दोनतीनदा धुऊन खळ पूर्ण काढलेला, कारण खळीला कसर येते. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. डांबराच्या गोळ्या कागदात टाकू नका, वेखंड किंवा सुकलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा, आणि खरा उपाय म्हणजे दोनतीन महिन्यांनी उघडून बघणं. पेटी जमिनीवर, भिंतीला टेकून नको, वाळवी तिथूनच चढते.

दाखवायचं कुठे. आपलं नशीब असं की धुळ्यालाच राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. रामदासी बाड, म्हणजे समर्थ रामदासांच्या परंपरेतला हस्तलिखित संग्रह, वाटत असेल तर धुळ्याचंच समर्थ वाग्देवता मंदिर, शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठातून गोळा केलेली हस्तलिखितं तिथे आहेत. जुनी छापील पुस्तकं असतील तर जळगावचं व. वा. वाचनालय, १८७७ चं. तत्त्वज्ञानाचं काही असेल तर अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. कुठेही आधी फोन करा, थेट गाठोडं घेऊन धडकू नका, पहिल्या भेटीत फोटो पुरतात. तिथे त्यांचं काही बघायचं असेल तर ओळखपत्र, कोरे कागद आणि पेन्सिल न्या, पेन नको. बऱ्याच ठिकाणी जुनी सूची रजिस्टरमध्येच असते, कॉम्प्युटरवर नसते, म्हणून नुसतं "काही जुनं दाखवा" म्हणण्यापेक्षा गाव, घराणं, विषय सांगा, मग ग्रंथपाल पण मनावर घेतात.

द्यायचं ठरलं तर लेखी द्या. कायमचं दान की सांभाळायला, किती पानं, तुम्हाला स्कॅन मिळणार का, हे सगळं कागदावर आणि सहीशिक्क्याची पोच. द्यायचं नसेल तर निदान स्कॅन करू द्या, पोथी घरीच राहते. दारावर येऊन "ताई जुनं काय असेल तर बघू" म्हणणाऱ्याला काही दाखवू नका. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलेच्या दृष्टीने मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू धरतात, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

आणि गाठोड्यात शाळेच्या साध्या वहीत पेनाने लिहिलेली कानबाई देवीची गाणी किंवा वहीगायनाच्या, म्हणजे खानदेशी लोकगायनाच्या, वह्या असल्या तर त्या पोथीपेक्षा कमी समजू नका. संस्कृत स्तोत्राच्या नकला दहा ठिकाणी सापडतात, अहिराणीत कोणी काय गायचं हे लिहिलेलं मात्र फार थोडं आहे. अशा वहीचे फोटो आधी काढा, साध्या पेनाची शाई आणि स्वस्त कागद पोथीच्या मानाने लवकर जातात, आणि जमलं तर घरातल्या बायकांकडून ती गाणी म्हणवून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, चाल वहीत नसते.