फोनवर बाजारभाव सांगणारी मराठी यंत्रणा: संवाद कसा बांधावा

भाव सांगायला तीनच गोष्टी लागतात: माल, बाजार समिती आणि तारीख. त्यातली तारीख विचारूच नका. शेवटच्या लिलावाची धरा आणि उत्तरात सांगून टाका. ‘मी आपली काय मदत करू?’ असं मोघम विचारलं की माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर पीकपाण्यापासून सुरुवात करतो. ‘कोणत्या मालाचा, कोणत्या बाजाराचा भाव हवा?’ एवढं पुरे. एकच गोष्ट कळली, तर फक्त उरलेली विचारा.

खातरजमा उत्तरातच उरकावी (आकडे नमुन्याचे):

‘लासलगावला उन्हाळ कांदा काय भाव?’
‘लासलगाव, उन्हाळ कांदा, कालचा भाव: किमान सातशे, कमाल सतराशे, सर्वसाधारण साडेबाराशे रुपये क्विंटल.’
‘नाही, येवला.’

इथे बाजार बदलायचा, कांदा तसाच ठेवायचा. त्यासाठी यंत्र बोलत असताना मध्येच तोडता आलं पाहिजे. दर वाक्याला ‘बरोबर का?’ विचारलंत तर लोक फोन ठेवतात. यंत्राने बोलणं किती खात्रीने ओळखलं याचा गुण (० ते १) ०.८ च्या वर असेल तर थेट उत्तर, ०.५ ते ०.८ असेल तर विचारून, त्याखाली पुन्हा प्रश्न, अशी सुरुवात करा. मात्र बोलणं ओळखणाऱ्या प्रत्येक इंजिनाचे गुण वेगळे असतात, म्हणून दोनेकशे खरे कॉल ऐकून हे आकडे बदलावे लागतातच.

साध्या फोनवर आवाज ८ किलोहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला आठ हजार नमुन्यांचा येतो. स आणि श यांतला फरक बराचसा तिथेच गळतो. १६ किलोहर्ट्‌झच्या स्वच्छ आवाजावर शिकवलेलं मॉडेल इथे अडखळतं. शिवाय ‘कांदा... अं... लासलगाव’ यातल्या थांब्याला बोलणं संपलं असं समजू नये, म्हणून शांततेची मर्यादा १.२ सेकंद ठेवा.

शब्दसूचीत हरभरा आणि चणा, ज्वारी आणि जोंधळा एकाच नोंदीखाली घ्या. पिंपळगावं ढीगभर आहेत. कांदा-टोमॅटोसाठी पिंपळगाव बसवंत धरा, पण उत्तरात पूर्ण नाव उच्चारा. टोमॅटोचा भाव क्रेटचा असेल तर तसं सांगा, नाहीतर ऐकणारा क्विंटलचा समजेल. मराठीत ‘परवा’ मागचाही आणि पुढचाही. भावाच्या बाबतीत नेहमी मागचाच.

दोनदा चुकलं तर तोच प्रश्न तिसऱ्यांदा नको: दुसऱ्यांदा उदाहरण द्या, तिसऱ्यांदा बटणं किंवा माणूस. आणि सुट्टीच्या दिवशी ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आज लिलाव बंद, शनिवारचा भाव सांगते’ म्हणा.