सुटा कीबोर्ड की फिरती बिजागरी: विद्यार्थ्यासाठी टॅबलेट-लॅपटॉप घेण्याआधीची तयारी

टॅबलेटही व्हावा आणि लॅपटॉपही, अशा यंत्रांत निवड शेवटी दोन जातींतच होते. एक, पाठीला टेकू देणारा पाय आणि चुंबकाने चिकटणारा सुटा कीबोर्ड असलेली. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो त्यातला ठळक. दुसरी, स्क्रीन बिजागरीवर ३६० अंश फिरून पाठीमागे दुमडणारी. लेनोव्होचा १४ इंची योगा ७ टू-इन-वन हे तिचं चांगलं उदाहरण. पुढची सगळी तयारी या दोघांना समोर ठेवून लिहिली आहे: २०२४ साली आलेला, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा ११व्या पिढीचा सरफेस प्रो आणि त्याच वर्षीचा इंटेल प्रोसेसरचा योगा. मॉडेल नवं आलं तरी तपासायच्या गोष्टी फारशा बदलत नाहीत.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर आठवड्याचे तास मांडा. हाताने लिहिणं किती, टाइप करणं किती, नुसतं वाचणं किती आणि जड सॉफ्टवेअरवर बसणं किती. वैद्यकीय, विधी किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणजे पीडीएफ वाचून त्यावर खुणा करण्याचे तास जास्त. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर सॉफ्टवेअरचे तास वाढतात. बी.कॉम.ला एक्सेल आणि टॅली. टाइप करण्याचे तास लिहिण्याच्या दुपटीहून जास्त निघाले तर योगाकडे झुका. लिहिणं-वाचणं जास्त असेल तरच सरफेसचा विचार करा. ‘दोन्ही थोडं थोडं’ असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा कागद नीट भरलेला नसतो. मागच्या सत्राच्या वह्या आणि असाइनमेंट समोर घेऊन पुन्हा भरा.

मग सॉफ्टवेअरची यादी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी हीच वगळली जाते. स्नॅपड्रॅगन हा आर्म पद्धतीचा प्रोसेसर आहे. इंटेल-एएमडीसाठी बनवलेले प्रोग्रॅम त्यावर विंडोजमधल्या प्रिझम नावाच्या अनुकरण-थरातून चालवले जातात. ऑफिस, क्रोम, फायरफॉक्स, झूम, व्हीएलसी, व्हीएस कोड यांच्या आर्मसाठीच्या खास आवृत्त्या आहेत, तिथे काही अडत नाही. अडतं ते पुढे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स यांचे निर्माते आर्म-विंडोजला अधिकृत पाठबळ देत नाहीत. एखादं सुरू झालं तरी परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडल्यावर दाद मागायला जागा नाही. ड्रायव्हरची गोष्ट आणखी कडक आहे. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं उपकरण विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम. साध्या प्रोग्रॅमचं अनुकरण होतं, ड्रायव्हरचं होत नाही. म्हणजे प्रयोगशाळेतलं यूएसबी उपकरण, जुना प्रिंटर किंवा परवान्याचं डाँगल (सॉफ्टवेअर सुरू व्हायला यूएसबीत खोचावी लागणारी चावी) यांना आर्मसाठीचा ड्रायव्हर नसेल तर ते चालणारच नाही. इंटेलसाठी तयार केलेली व्हर्च्युअल मशीनही कामापुरती चालत नाहीत, तेव्हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे आधी विचारावं. ऑनलाइन परीक्षेसाठी कॉलेज एखादा बंदिस्त ब्राउझर वापरत असेल तर त्याचंही नाव यादीत घाला.

यादी करायची पद्धत सोपी आहे. विभागातल्या लॅब असिस्टंटकडून पुढच्या चारही सत्रांच्या सॉफ्टवेअरची नावं आवृत्तीसकट घ्या, आणि खरेदीच्या आठवड्यात प्रत्येक निर्मात्याच्या पानावर आर्म-विंडोजचा उल्लेख शोधा. एकाही अत्यावश्यक नावापुढे ‘नाही’ आलं तर हा सरफेस बाद. इंटेलवाले सरफेस प्रो व्यावसायिक ग्राहकांसाठीच्या मालिकेत असतात, पण त्या किमतीत विद्यार्थ्याने शिरावं असं वाटत नाही. टॅली लागणार असेल तर टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड फुकट आहे. तो महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी घेऊ देतो, पण यंत्रावर चालतं की नाही एवढं पाहायला पुरतो.

आता पानाचा हिशेब. सरफेसची स्क्रीन १३ इंची, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. उभी धरली तर रुंदी सुमारे १८.३ सेंटीमीटर आणि उंची २७.५. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा, म्हणजे त्यावर ए-४ पान मूळ मापाच्या सुमारे ८७ टक्के दिसतं. योगाची १४ इंची, १६:१० प्रमाणाची स्क्रीन उभी केली तर हेच पान सुमारे ९० टक्के दिसतं. आकारात तसं हरण्या-जिंकण्यासारखं काही नाही. जुन्या १६:९ प्रमाणाची १४ इंची स्क्रीन मात्र ८३ टक्क्यांवर येते, ती टाळा. खरा फरक हातात घेतल्यावर कळतो. कीबोर्डविना सरफेस ८९५ ग्रॅमचा आहे, योगा दीड किलोच्या घरात, आणि योगाचा कीबोर्ड काढून बाजूला ठेवता येत नाही. दीड किलोची वस्तू एका हाताच्या कोपरात धरून वॉर्डात उभ्याने लिहिता येत नाही. टेबलावर पसरून लिहायला मात्र काहीच हरकत नाही. योगा दुमडल्यावर कीबोर्ड खालच्या बाजूला जातो. त्याची बटणं बंद होतात, पण कँटीनच्या टेबलावरचा चहा आणि चुरमुरे त्यांना लागतातच.

कॉलेजचा बाक मोजा. मेजर टेपने, अंदाजाने नाही. योगाला पुढून मागे सुमारे २२ सेंटीमीटर जागा पुरते. सरफेसला कीबोर्डची वीसेक सेंटीमीटर आणि त्यामागे पाय टेकायला आणखी दहा-पंधरा लागतात. लिहायची फळी अरुंद किंवा उतरती असेल, अथवा खुर्चीच्या हातालाच छोटी पाटी जोडलेली असेल, तर सरफेसचा पाय मागच्या कडेवरून घसरतो आणि यंत्र पालथं पडतं. मांडीवर घेतलं तर त्या पायाची धातूची कड मांडीत रुतते, कीबोर्डही वाकतो. एसटी किंवा लोकलमध्ये बसून टाइप करणाऱ्यांनी हे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उलट, टेबलावर पाय जवळजवळ आडवा पाडून लिहायला सरफेस फार छान: घट्ट बसतो, हलत नाही. योगा लॅपटॉपसारखा उघडा ठेवून स्क्रीनवर लिहिलं तर प्रत्येक टेकणीला स्क्रीन डुलते. लिहिताना तो पूर्ण दुमडूनच घ्यावा लागतो.

पेनची चाचणी दुकानातच करायची आणि तिला किमान पंधरा मिनिटं द्यायची. ‘४०९६ पातळ्यांचा दाब’ हा आकडा चित्रकाराच्या कामाचा. वहीत लिहिणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. पहिली चाचणी पट्टीची: काचेला धक्का न लावता पट्टी तिरपी धरा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. भरभर ओढलेली रेघ सगळीकडे सरळच येते, सावकाश ओढलेली मात्र काही पडद्यांवर नागमोडी होते. आकृत्या आणि आलेख काढणाऱ्याला ती रोज छळेल. दुसरी चाचणी अनुस्वारांची. मराठीत चार ओळी तुमच्या नेहमीच्या वेगाने लिहा आणि किती टिंबं उमटली ते मोजा. शाई उमटायला पेनावर किमान काही दाब लागतो. तो जास्त असेल तर हलके टेकवलेले अनुस्वार, दशांशचिन्हं आणि बेरजेच्या खुणांचे शेंडे गळतात. गणितात गळलेलं दशांशचिन्ह काय करतं ते वेगळं सांगायला नको. तिसरी, तळहात पूर्ण टेकवून कोपऱ्यात लिहा. हाताच्या खुणा उमटतात का, आणि निबेचं टोक व शाई यांत कडेला अंतर पडतं का, ते पाहा. काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले नसतील तर हे अंतर डोळ्याला खुपतं. वरून जाड टेंपर्ड ग्लास लावली की ते वाढतं. कागदासारखा खरखरीत स्क्रीन गार्ड लिहायला सुखाचा असतो, पण निब लवकर झिजवतो आणि अक्षरं थोडी धुरकट करतो. लावणारच असाल तर निबांचा जादा संच घेऊन ठेवा.

पेन कुठलंही कुठेही चालत नाही. मायक्रोसॉफ्टचा पेन प्रोटोकॉल, वॅकॉमची एईएस आणि क्रोमबुकमध्ये आढळणारी यूएसआय या वेगवेगळ्या पद्धती आहेत. मित्राचं पेन चालेल असं गृहीत धरू नका; नेमक्या मॉडेल क्रमांकासाठी कोणतं पेन हे निर्मात्याच्या पानावर बघा. पेन चार्ज कसं होतं तेही विचारा. काही जुन्या पेनांना ‘एएएए’ (AAAA) आकाराचा बारीक सेल लागतो, जो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

जोडण्यांत योगा सरळ पुढे आहे: एचडीएमआय, नेहमीचा चौकोनी यूएसबी, हेडफोनची पिन. सरफेसला दोन यूएसबी-सी आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची चार्जिंग खाच, हेडफोनची पिन नाही. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह द्यायचा असो की सेमिनार हॉलच्या प्रोजेक्टरला जोडायचं असो, सॅकमध्ये हब, म्हणजे एका यूएसबी-सीतून वेगवेगळ्या खाचा काढून देणारी डबी, लागणारच. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय आहे की अजून निळ्या पिनेचा व्हीजीए, ते पाहून हब निवडा.

रॅम १६ जीबी घ्या. दोन्ही यंत्रांत ती बोर्डावर पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. साठवणीची एसएसडी ५१२ जीबी सोयीची. सरफेसमध्ये ती २२३० मापाची आखूड पट्टी असते आणि बदलता येते, त्यामुळे बजेट तुटत असेल तर साठवण कमी घ्या, रॅम नको. योगाची बॅटरी ७१ वॉट-तासांची, सरफेसची स्क्रीननुसार ४८ किंवा ५३. आकडा लहान असला तरी स्नॅपड्रॅगन वीज कमी खातो, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. भारनियमनाच्या गावात राहत असाल तर ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर दोघांनाही चालतो हे सोयीचं. पॉवर बँक घेतली तर ती पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची आणि किमान ४५ वॉट देणारी हवी. मोबाइलची साधी बँक लावली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरतच राहते.

किमतीची तुलना एका ओळीत करायची नसते. सरफेसच्या पाटीवरच्या किमतीत साधारणपणे कीबोर्ड नसतो, पेनही नसतं. योगात कीबोर्ड आलाच. पेन खोक्यात आहे की नाही हे मॉडेल क्रमांकानुसार बदलतं, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. दोन रकाने करा: यंत्र, कीबोर्ड, पेन, हब, अपघाती नुकसानीचं संरक्षण, ऑफिस सोबत मिळतं की विकत घ्यायचं. मग बेरीज. पहिल्या ओळीत स्वस्त वाटलेलं यंत्र शेवटच्या ओळीत महाग निघणं हे इथे नेहमीचंच.

अपघाती संरक्षण ऐच्छिक समजू नका. या यंत्रांत काच, स्पर्शाचा थर आणि पडदा एकत्र चिकटवलेले असतात; काचेला तडा गेला तर सगळा संच बदलावा लागतो आणि त्याचं बिल यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातं. वॉरंटी घरपोच आहे की सेवा केंद्रात नेऊन द्यायची, हे शहराच्या नावाने न विचारता तुमच्या पिनकोडने विचारा. पुण्यात घेतलेलं यंत्र हिंगोलीत बिघडू शकतं.

वापरलेलं घेणार असाल तर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे लक्षात ठेवा. २०१७ चा सरफेस प्रो सातव्या पिढीच्या इंटेलवर आहे, तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. २०१८ चा सरफेस प्रो ६ मात्र त्या यादीत आहे. स्क्रीनच्या कडेवरून नख फिरवा. कुठे फट लागली किंवा काच उचललेली वाटली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. कितीही स्वस्त असलं तरी ते यंत्र तिथेच ठेवा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सीलपासून. बदलून मिळण्याची मुदत छोटी असते, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत सगळं तपासा: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण स्क्रीनवर आणून मेलेले ठिपके; पेन चारही कोपऱ्यांत; प्रत्येक खाचेत काहीतरी जोडून; स्क्रीन फिरवली की चित्र फिरतं का. अनुक्रमांक टाकून निर्मात्याच्या पानावर वॉरंटीची तारीख बघा. ती कधी कधी विक्रीच्या नव्हे, माल निघाल्याच्या दिवसापासून धरलेली असते. बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते, म्हणून जीएसटी बिल स्वतःच्या नावावरच घ्या. मराठीसाठी विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडा आणि फोनेटिक कीबोर्ड निवडा, वेगळं काही उतरवायची गरज नाही. हॉस्टेलवर यंत्र दिवसभर चार्जिंगला राहणार असेल तर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची सोय चालू करा.

सुरुवातीचं मायक्रोसॉफ्ट खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडू नका. नव्या विंडोजमध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी बिटलॉकर चावी त्या खात्यात जाऊन बसते. एखाद्या अपडेटनंतर किंवा बोर्ड बदलल्यावर यंत्र ती चावी मागतं, आणि पदवीनंतर कॉलेजने खातं बंद केलेलं असेल तर चार वर्षांच्या नोट्स कुणालाच उघडत नाहीत. खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, चावी छापून मार्कशीटच्या फाइलमध्ये लावा, आणि वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते, तेव्हा नोट्सची दुसरी प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्या.