एररचे तोंड बांधू नका : विंडोज डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहिताना या चुका टाळा

विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवण्याच्या डॉट नेटमधल्या दोन पद्धती) पहिलेवहिले ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांचा कोड मी सतत तपासत असतो आणि त्यात सापडणाऱ्या चुकांमध्ये नावीन्य जवळजवळ नसतेच. डॉट नेट फ्रेमवर्कच्या जागी नुसते डॉट नेट आले, व्हिज्युअल स्टुडिओचे रूप पालटले, पण प्रोग्राम अडला की त्याचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्याला गप्प करण्याची घाई तशीच राहिली आहे. खालच्या बहुतेक चुका या घाईतून होतात. त्यांतल्या एकदोघींवर माझा विशेष राग आहे, त्यामुळे त्यांच्यावर जास्त लिहिले आहे.

खिडकी गोठली म्हणून डू-इव्हेंट्स टाकणे

विंडोजमधील खिडक्यांसाठी संदेशांची एक रांग असते. माऊसची क्लिक, कळफलकावरची कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची विनंती हे सारे त्या रांगेतून येते, आणि एकच थ्रेड (प्रोग्राममधली कामाची एक ओळ) ते एकामागून एक उचलतो. बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये तुम्ही लिहिलेला कोडही त्याच थ्रेडवर चालतो. तिथे सर्व्हरवर शेकडो नोंदी लिहिणारा लूप बसवला, तर तो संपेपर्यंत रांगेकडे कोणी पाहत नाही. पाच सेकंद असे गेले की विंडोज ती खिडकी गोठली असे समजते आणि तिच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरचा उपाय म्हणून लूपमध्ये ‘ॲप्लिकेशन डॉट डू-इव्हेंट्स’ ही एक ओळ टाकली जाते, खिडकी हलू लागते आणि लिहिणारा निश्चिंत होतो.

एका पतसंस्थेतल्या पिग्मी जमा नोंदवणाऱ्या प्रोग्रामचा दोष शोधण्यासाठी मला बोलावले होते. संध्याकाळी एजंटांच्या यंत्रांतली माहिती संगणकावर घेऊन कारकून ‘जतन करा’ हे बटण दाबत असे. काही दिवशी सगळे सुरळीत होई आणि काही दिवशी किर्द आणि हातातली रोकड जुळत नसे, कारण एखाद्या एजंटाची संपूर्ण जमा दोनदा चढलेली असे. संशय साहजिकच कारकुनावर होता आणि त्याने माहिती दोनदा घेतली असावी, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मी नोंदी क्रमांकानुसार लावून पाहिल्या, तेव्हा त्यांचा क्रमच बोलू लागला. पहिली काही खाती क्रमाने येत होती, मग मध्येच यादी पहिल्या खात्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत जात होती, आणि त्यानंतर आधी जिथे तुटली होती तिथून पुढे चालू होत होती. माणसाने माहिती दोनदा घेतली असती, तर एक यादी पूर्ण झाल्यावर दुसरी लागली असती. एका यादीच्या पोटात दुसरी यादी बसवणे हे माणसाचे काम नव्हते.

डिबगर लावून लूप मध्येच थांबवला, तेव्हा कॉल स्टॅकमध्ये (त्या क्षणी कोणी कोणाला बोलावले आहे त्या यादीत) तोच क्लिक इव्हेंट दोनदा, एकावर एक दिसला आणि दोघांच्या मध्ये डू-इव्हेंट्स होते. नेटवर्क मंद असले की कारकुनाला आपली क्लिक लागलीच नाही असे वाटे आणि तो पुन्हा बटण दाबत असे. डू-इव्हेंट्स रांगेतले संदेश इमानाने उचलते, त्यामुळे ती दुसरी क्लिकही उचलली जाई आणि पहिले काम अर्धवट असतानाच तेच काम पुन्हा सुरुवातीपासून चालू होई. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळात, म्हणजे १९९८ च्या आसपास, दुसरा थ्रेड काढणे इतके अवघड होते की डू-इव्हेंट्स वापरणाऱ्याला दोष देता येत नसे. सी शार्पमध्ये २०१२ पासून खिडकी न अडवता कामाची वाट पाहू देणारे असिंक आणि अवेट उपलब्ध असताना ही सबब चालणार नाही.

अशा ठिकाणी मी नेहमी तीन गोष्टी करतो. क्लिक इव्हेंटच्या पहिल्याच ओळीत बटण निष्क्रिय करतो आणि ते पुन्हा सक्रिय करण्याची ओळ फायनली विभागात (काम बिघडले तरी चालणाऱ्या) ठेवतो. डेटाबेसचे काम असिंक पद्धतीने करून त्यावर अवेट करतो. आणि टेबलवर एजंट, तारीख, खाते व पावती क्रमांक मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावतो, म्हणजे कोडमध्ये काहीही निसटले तरी डेटाबेस दुसरी नोंद नाकारतो. पहिली गोष्ट दुसरीशिवाय अपुरी आहे, हे मुद्दाम सांगतो. थ्रेड अडकलेलाच ठेवून नुसते बटण निष्क्रिय केले, तर त्या दरम्यानची क्लिक रांगेत थांबून राहते आणि बटण सक्रिय झाल्यावर तिचा अंमल होतो.

असिंक वापरू लागलेल्यांची पुढची चूक म्हणजे मध्येच कुठेतरी ‘रिझल्ट’ किंवा ‘वेट’ लिहून उत्तर ताबडतोब मागणे. मुख्य म्हणजे खिडकीचा थ्रेड टास्क (ते असिंक काम) संपण्याची वाट पाहतो आणि टास्कचा उरलेला भाग मुख्य थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहतो, त्यामुळे दोघेही कायमचे थांबतात. असिंक एकदा सुरू केले की ते क्लिक इव्हेंटपर्यंत वर न्यावे लागते. ‘असिंक व्हॉइड’ फक्त इव्हेंटसाठी ठेवावे.

दुसऱ्या थ्रेडवरून लेबल किंवा ग्रिड बदलायला गेल्यास ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ हा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना उठणारी एरर) येतो. डॉट नेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून, डिबगर ही चूक तिथल्या तिथे दाखवतो. यावर ‘चेक-फॉर-इल्लीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स’ला फॉल्स करून ही तपासणीच बंद करणारी ओळ सुचवणारे अजूनही भेटतात. कुत्र्याचे तोंड बांधले म्हणून चोर यायचा थांबत नाही. ती ओळ काढून टाका आणि काम मुख्य थ्रेडकडे सोपवणारे ‘इन्व्होक’ किंवा ‘बिगिन-इन्व्होक’ वापरा.

रिकामा कॅच आणि तारखांचा गोंधळ

रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे एरर पकडून तिचे काहीच न करणारा कोड, एकटा असतो तोवर त्याचे नुकसान लक्षात येत नाही, दुसरी चूक त्याच्या आड लपली की ते दिसते. एका घाऊक दुकानातल्या विक्रीची सीएसव्ही फाइल मुख्य कार्यालयात आयात होत असे. दुकानातल्या विंडोजची प्रादेशिक मांडणी भारतीय इंग्रजीची होती, त्यामुळे पाच जुलै ही तारीख ०५-०७ अशी लिहिली जाई, तर कार्यालयातला संगणक अमेरिकन इंग्रजीवर होता. तिथल्या मजकुरातून तारीख वाचणाऱ्या साध्या ‘डेट-टाइम डॉट पार्स’ने ती सात मे अशी वाचली. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत कोठेही एरर आली नाही, फक्त विक्री वर्षभर पसरली: एक जुलैची सात जानेवारीला गेली, दोन जुलैची सात फेब्रुवारीला, आणि बारा जुलैची सात डिसेंबरला. तेरा तारखेपासून मात्र पार्सने तक्रार केली, कारण तेरावा महिना नसतो. ती तक्रार रिकाम्या कॅचने गिळली. अहवालात प्रत्येक महिन्याच्या सात तारखेला विक्रीचा एकेक गठ्ठा आणि जुलैचे उरलेले दिवस कोरडे, असे चित्र पाहून व्यवस्थापकांनी दुकानदाराकडे खुलासा मागितला होता.

यावर ‘कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन तारखेची मांडणी बदला’ असा सल्ला दिला जातो. तो मला अजिबात मान्य नाही. ग्राहकाच्या संगणकाची मांडणी हा ग्राहकाचा अधिकार आहे आणि ती उद्या दुसऱ्या प्रोग्रामसाठी कोणीतरी परत बदलणारच आहे. फाइलमध्ये तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहावी, वाचताना ‘पार्स-एक्झॅक्ट’ला नेमका साचा आणि ‘इन्व्हेरियंट कल्चर’ (संगणकाच्या मांडणीवर अवलंबून नसलेले ठरावीक नियम) द्यावे, आणि डेटाबेसकडे तारीख मजकूर म्हणून न पाठवता पॅरामीटर म्हणून पाठवावी. संख्यांचेही तसेच आहे. इन्व्हेरियंट कल्चरमध्ये ‘डेसिमल डॉट पार्स’ला ‘१,५’ असा मजकूर दिला तर तो स्वल्पविराम हजारांचा समजून मुकाट्याने पंधरा देतो.

मराठीत माहिती भरून घेणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. ‘कॅर डॉट इज-डिजिट’ला देवनागरी ५ हा अंकच वाटतो आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा संक्षेपही तो स्वीकारतो, पण ‘इंट डॉट पार्स’ला फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक कळतात. त्यामुळे मजकूर तपासणीत उत्तीर्ण होतो आणि पुढच्याच ओळीत प्रोग्राम कोसळतो. देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत, म्हणजे वापरणाऱ्याला कळफलक बदलायला सांगावे लागत नाही. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर एसक्यूएल सर्व्हरमधला स्तंभ ‘व्हारचार’ आहे की युनिकोड साठवणारा ‘एनव्हारचार’ ते आधी पाहा. विंडोजमध्ये देवनागरीसाठी अन्सी कोड पेज (युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांचा अक्षरसंच) नाही, त्यामुळे ‘युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा’ मराठी करून काहीही साधत नाही. एकदा प्रश्नचिन्हे जतन झाली की मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत.

कॅचबद्दलचा माझा नियम साधा आहे: ज्या अपवादाचे काय करायचे ते ठाऊक आहे, तोच पकडावा. बाकीचे वर जाऊ द्यावेत आणि सर्वांत वर ‘ॲप्लिकेशन डॉट थ्रेड-एक्सेप्शन’ व ‘ॲप-डोमेन’चा ‘अनहँडल्ड-एक्सेप्शन’ या दोन ठिकाणी त्यांची लॉगमध्ये नोंद करावी. नोंद करताना नुसता मेसेज न लिहिता ‘टू-स्ट्रिंग’ लिहावे, कारण आतला मूळ अपवाद आणि स्टॅक त्यातच असतो. अपवाद पुन्हा फेकायचा तर फक्त ‘थ्रो’ लिहावे. त्यापुढे व्हेरिएबलचे नाव लिहिले की स्टॅक तिथपासून नव्याने सुरू होतो आणि मूळ जागा हरवते. लॉग नसलेला प्रोग्राम ग्राहकाकडे अचानक बंद पडत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ॲप्लिकेशन विभागात ‘डॉट नेट रनटाइम’ या स्रोताची १०२६ क्रमांकाची नोंद आणि ‘ॲप्लिकेशन एरर’ची १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तिथे अपवादाचे किंवा दोषी मोड्यूलचे नाव बहुधा आयते मिळते, आणि तरीही लोक आधी प्रोग्राम काढून पुन्हा इन्स्टॉल करतात.

‘माझ्या मशीनवर तर चालतो’

या वाक्यानंतर मी प्रथम फोल्डर पाहतो. प्रोग्राम फाइल्समध्ये सेटिंग किंवा डेटाबेस ठेवणारे प्रोग्राम विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, अडचणीत आहेत, कारण साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते. मॅनिफेस्ट (कोणत्या परवानग्या हव्यात ते विंडोजला सांगणारा मजकूर) नसलेल्या ३२ बिट प्रोग्रामला विंडोज गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरमध्ये लिहू देते. मग एकाच संगणकावरच्या दोन वापरकर्त्यांना दोन वेगवेगळी माहिती दिसते आणि दोघेही स्वतःला खरे समजतात. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हे यावरचे उत्तर नव्हे. एका वापरकर्त्याची माहिती ॲपडेटामध्ये आणि सामाईक माहिती प्रोग्रामडेटामध्ये ठेवावी. मात्र प्रोग्रामडेटामध्ये एकाने तयार केलेली फाइल इतरांना सहसा वाचता येते पण बदलता येत नाही, म्हणून परवानग्या इन्स्टॉलरनेच द्याव्यात.

नंतर ३२ आणि ६४ बिटची गल्लत येते. जुन्या ॲक्सेस फाइलींसाठीचा जेट ४.० हा प्रोव्हायडर (डेटाबेसशी जोडणी करून देणारा घटक) फक्त ३२ बिट आहे, त्यामुळे ६४ बिट प्रोग्रामला तो ‘रजिस्टर केलेला नाही’ असेच दिसते, मग तुम्ही तो कितीही वेळा रजिस्टर करा. प्रोजेक्ट एक्स८६ (३२ बिट) साठी बिल्ड केला की काम होते. ओडीबीसीची (डेटाबेसशी जोडणीची आणखी एक पद्धत) व्यवस्था पाहणारा प्रोग्रामही दोन प्रतींत असतो आणि नावे उलटी वाटतात: सिस्टम३२ मधली प्रत ६४ बिटची आणि सिसवाऊ६४ मधली ३२ बिटची.

‘व्हीसीरनटाइम१४०’ ही डीएलएल सापडत नाही, असा संदेश आल्यावर ती एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून ईएक्सईशेजारी टाकू नये. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल बसवावा. नावाच्या शेवटी ‘डी’ अक्षर दिसत असेल, तर तुम्ही ग्राहकाला डिबग बिल्ड दिलेला आहे.

कारणच कळत नसेल तेव्हा मी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनांतला प्रोसेस मॉनिटर लावतो. आपल्या प्रोसेसच्या नावाचा फिल्टर ठेवून ‘ॲक्सेस डिनाइड’ आणि ‘नेम नॉट फाउंड’ या दोन निकालांवर नजर ठेवली, की प्रोग्राम कोणती फाइल कोठे शोधतो आहे ते दिसते. अनेकदा ती भलत्याच फोल्डरमध्ये शोधली जात असते, कारण लिहिणाऱ्याने चालू फोल्डर आणि ईएक्सईचा फोल्डर एकच मानलेला असतो. शॉर्टकटमधली ‘स्टार्ट इन’ची नोंद किंवा फाइल उघडण्याचा डायलॉगसुद्धा चालू फोल्डर बदलू शकतो. पूर्ण मार्ग ‘बेस-डिरेक्टरी’पासून बांधावा.

दुपारनंतर बंद पडणारा प्रोग्राम

सकाळी ठीक चालणारा प्रोग्राम काही तासांनी ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ म्हणत असेल आणि मेमरी मात्र भरपूर मोकळी असेल, तर हँडल (खिडकी, फाँट, चित्र अशा प्रत्येक वस्तूसाठी विंडोज देते ती ओळखखूण) मोजावेत. एका प्रोसेसला जीडीआयचे (चित्र काढण्याच्या वस्तूंचे) दहा हजार आणि यूझर प्रकारचे (खिडक्या, मेनू इत्यादींचे) दहा हजार हँडल, अशी मूळ मर्यादा असते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स विभागात हे दोन्ही स्तंभ लावता येतात. विनफॉर्म्समध्ये ‘कंट्रोल्स डॉट क्लिअर’ने फॉर्मवरची कंट्रोल (बटणे, लेबले) दिसेनाशी होतात पण डिस्पोज होत नाहीत, म्हणजे त्यांचे हँडल सुटत नाहीत, ही बाब नवख्यांना हमखास फसवते. पेन, ब्रश, फाँट आणि बिटमॅप काम संपताच आपोआप डिस्पोज करणाऱ्या ‘यूझिंग’मध्ये घ्यावेत. मेमरी सक्तीने साफ करायला लावणारे ‘जीसी डॉट कलेक्ट’ टायमरवर लावणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांना स्तंभ दाखवतो. ‘इमेज डॉट फ्रॉम-फाइल’ चित्र डिस्पोज होईपर्यंत फाइल अडवून ठेवते, हेही त्याच कुळातले.

उरलेले थोडक्यात. फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेस उघडू नये, कारण वारसा घेणारा फॉर्म डिझायनरमध्ये उघडला की मूळ फॉर्मचा तो कोड चालतो आणि डिझायनर लाल अक्षरे दाखवतो. इंटरनेटवरून आलेल्या झिपचे ‘अनब्लॉक’ ती उघडण्याआधी करावे, नाहीतर आतल्या डीएलएल लोड होण्यास नकार मिळू शकतो. आणि फॉर्मची मांडणी १०० टक्के स्केलिंगवर बसली म्हणून बिल्ड पाठवू नये. १२५ आणि १५० टक्क्यांवर, तसेच वेगळ्या स्केलिंगचा दुसरा मॉनिटर जोडून, खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढून पाहावी. हे तपासताना ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून बाहेर पडून साध्या वापरकर्त्याच्या खात्यात जावे, म्हणजे वरची फोल्डरची चूकही त्याच फेरीत सापडते.